सालईच्या उतारावर आई बोलते

एखादा रस्ता आमच्या राइडमध्ये घ्यायचा असला की मी तो आधी स्वतः चालवून पाहते. नकाशावर वळणं सुंदर दिसतात म्हणून रस्ता सुंदर असतो असं नाही. खडी कुठं उखडलीय, गुरं कोणत्या वळणावर बसतात, सकाळचं ऊन कुठं थेट डोळ्यांवर येतं, बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह कुठं आहे, हे गाडीवर बसल्याशिवाय कळत नाही. मी बुलढाण्याला पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. चढ, उतार, भराव, मोऱ्या यांच्याकडे पाहण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली. म्हणून ग्रुपमधल्या बायकांनी रस्ते ठरवायचं काम माझ्यावर सोपवलं, आणि मला ते मनापासून आवडतं.

ग्रुप म्हणजे बुलढाणा, चिखली, खामगाव इथल्या आम्ही काही नोकरदार बायका. पावसाळ्यात राजूर घाट, हिवाळ्यात बोथ्याचं जंगल, लोणारला एखादी चक्कर, असं आमचं चालतं. यंदा मात्र मोठा बेत होता. कच्छचं रण. दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र मीठ आणि मधून सरळ जाणारा रस्ता. हा बेत मी माझ्या आईसाठी केला होता.

आई, म्हणजे जनकाबाई, एसटीत कंडक्टर होती. खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना, हे तिचे रस्ते. खाकी साडी, खांद्याला चामड्याची पिशवी आणि गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. आमच्याकडे उन्हाळ्यात कच्छचे लोक मेंढ्या आणि उंट घेऊन येतात. त्यांच्यातली एक म्हातारी एकदा आईच्या गाडीत बसली होती. तिनं आईला सांगितलं, की आमच्या मुलखात जमीन पांढरी असते, लांबून पाण्यासारखी दिसते, पण पिता येत नाही. तेव्हापासून आईचं एकच चाललं होतं.

"शिलू, मले थे पांढरी जमीन पाह्याची हाये. साऱ्या जन्मात कायीभोर मातीच पाह्यली म्या."

माझं नाव धम्मशीला. आई शिलू म्हणते. म्हणायची.

गेल्या वर्षी होळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय हळूहळू परत आले. ती चालायला लागली, भाकरी थापायला लागली. पण बोलणं आलं नाही. तिला सगळं समजायचं. शब्द कुठंतरी आत तयार व्हायचा, ओठ हलायचे आणि नुसतं "अं, अं" बाहेर पडायचं. मग ती मान फिरवून खिडकीबाहेर पाहत बसायची. घरात रेडिओ लावला तरी ती तो बंद करायची.

छाया मॅडम म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून घरी यायच्या. आरशासमोर ओठांचे व्यायाम करून घ्यायच्या. त्या मला म्हणाल्या, "घाई करू नका ताई. रस्ता बंद झालेला नाही, खराब झालाय. वेळ लागंल." अभियंत्याला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं म्हणून मला त्या आवडल्या.

गाडीवर बसवायला डॉक्टरांनी परवानगी दिली ती दिवाळीनंतर. तोल चांगला होता, पकड चांगली होती. मी दोघींच्या कमरेभोवती येईल असा रुंद पट्टा आणला. बोलता येत नसल्यानं आईनं स्वतःच खूण ठरवली. खांद्यावर एकदा थाप म्हणजे थांब. दोनदा थाप म्हणजे चल. एसटीची घंटा. पहिल्यांदा तिनं तशी थाप दिली तेव्हा आम्ही दोघी हसलो. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती.

कच्छला जायचं तर तिला गाडीवर बसायची सवय हवी. म्हणून मी दर रविवारी तिला घेऊन जवळपासचे घाटरस्ते पाहायला लागले. त्यातच तो उतार सापडला.

चिखलीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून एक अरुंद डांबरी फाटा डोंगरातून खाली उतरतो. नकाशात त्याला नाव नाही. खालच्या गावातले लोक सालईचा उतार म्हणतात, कारण तिथं सालईचीच झाडं आहेत. हिवाळ्यात पानं गळलेली, बुंधे फिकट, साल कागदासारखी सुटलेली. हवेत डिंकाचा वास असतो, धूप विझल्यावर राहतो तसा. वर जिथं झाडं सुरू होतात तिथून खाली ओढ्यावरच्या फरशी पुलापर्यंत जेमतेम दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता. वाहतूक जवळपास नाहीच. वळणं मोठी देखणी. मी मनात म्हटलं, हा रस्ता आमच्या राइडमध्ये पाहिजेच.

पहिल्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास आम्ही तिथं उतरायला लागलो. ऊन कोवळं होतं. मी दुसऱ्या गियरवर, इंजिनच्या जोरावरच गाडी सोडली होती. पहिलं वळण झालं आणि माझ्या डाव्या कानामागून आवाज आला.

"हयू घे. पुढच्या वयनावर गाई हायेत."

मी हळू घेतली. वळणावर खरोखर गाई बसल्या होत्या. त्यांच्यातून गाडी काढून पुढे आल्यावर मला कळलं की काय झालंय.

"आई?" मी ओरडलेच. "आई, तू बोलली!"

"चाल. थांबू नको."

आईचाच आवाज. तोच जाडसर, थोडा खरखरीत, धुळीनं आणि ओरडण्यानं कमावलेला. शब्द अडखळत नव्हते. मी हसत होते, रडत होते, आणि वळणंही घेत होते.

"कशी वाटते तुले झाडी?" मी विचारलं.

"चांगली हाये. लय दिस झाले गाडीत बसून."

फरशी पूल ओलांडून मी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि आईला मिठी मारली. ती घामेजली होती. हवा गार होती, तरी मानेवर घाम होता. मी म्हटलं, "बोल ना आई. आता बोलत होती तशी बोल." तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. "अं," ती म्हणाली. "अं." आणि तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

परत येताना त्याच रस्त्यानं चढून आलो. झाडांमध्ये शिरताच आवाज पुन्हा सुरू झाला. वर मोकळ्या माळावर आलो तसा बंद.

मी छाया मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, की असं होऊ शकतं. काही लोक बोलू शकत नाहीत, पण गाणं म्हणू शकतात. कुणाला रागाच्या भरात शब्द सुटतात. गाडीची लय, वारा, जुनी सवय, यातलं काहीतरी असेल. "आयुष्यभर चालत्या गाडीत बोलल्या आहेत त्या," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

त्यानंतर मी दुसरे रस्ते पाहायचं सोडलं. शनिवारीच घरची कामं उरकायची, रविवारी सकाळी लवकर निघायचं, आणि सालईचा उतार. खाली, वर, पुन्हा खाली. आवाज दर वेळी यायचा. फार बोलायचा असं नाही. "डावीकून घे, उजवीकडं कडा खचला हाये." "हॉर्न दे." "चांगली चालवतं तू." ज्या ज्या गोष्टीची सूचना मिळाली ती ती तिथं असायची. एकदा वळणापलीकडे झाड आडवं पडलं होतं. आवाजानं आधी सांगितलं नसतं तर आम्ही त्यावर जाऊन आदळलो असतो. हे मी आजही विसरत नाही.

आईच्या वागण्यातला फरक मी पाहत होते, पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावत होते. रविवारी ती हेल्मेट घालायला वेळ लावायची. मी म्हणायचे, हात अजून दुखतो वाटतं. उताराला लागलं की ती पुढे सरकायची, इतकी की मी टाकीवर दाबली जायचे. उतारावर मागचा माणूस पुढे येतोच, त्यात काही नवल नाही. पण चढावरही ती तशीच पुढे यायची. चढावर माणूस मागे जायला पाहिजे. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा विचार केला नाही.

एका संध्याकाळी वामनराव आईला भेटायला आले. तिच्या गाडीवर वर्षानुवर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त झालेत. आई त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. मी त्यांना आनंदानं सगळं सांगितलं. म्हटलं, "काका, आईले त्या उताराचं वयन न वयन पाठ हाये. तुमच्या गाडीनं किती फेऱ्या केल्या असतील तठून!"

वामनरावांनी कपाळाला आठी घातली.

"कोन्ता उतार म्हनतं?"

"सालईचा. चिखलीच्या पुढचा."

"त्या उतारानं यष्टी कधी गेलीच नाई, पोरी. रस्ताच केवढासा हाये! आमची गाडी उंद्रीवरून जाये. जनकाबाईनं थो उतार पाह्यला बी नसंल."

आतून कपबशीचा आवाज आला. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच मान हलवली. नाही, अशी.

मग मी चौकशी केली. खालच्या गावात, फाट्यावरच्या टपरीवर, खात्यातल्या जुन्या लोकांकडे. त्या उताराची काहीही कथा नव्हती. अपघात नाही, कुणी मेल्याचं ऐकिवात नाही, देवाचं ठाणंही नाही. पूर्वी बैलगाड्यांची वाट होती, एवढंच. एखादी कथा मिळाली असती तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

आणखी एक गोष्ट रात्री झोपताना माझ्या लक्षात आली. त्या आवाजानं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. शिलू नाही, धम्मशीला नाही. काहीच नाही.

तरीही पुढच्या रविवारी मी गेलेच. महिनोन्महिने मुकं राहिलेलं घर ज्यानं अनुभवलंय त्याला ते समजेल.

या वेळी मात्र मी तयारीनं गेले. लांबच्या राइडला आम्ही हेल्मेटमध्ये एक छोटं यंत्र बसवतो. दोन्ही हेल्मेट एकमेकांना जोडलेली राहतात. एकीचं बोलणं, खोकला, नुसता श्वाससुद्धा दुसरीच्या कानात येतो. मी ते आईच्या आणि माझ्या हेल्मेटमध्ये बसवलं. कच्छसाठी घेतलंच होतं. मनात हिशेब साधा होता. आई बोलत असेल तर आवाज यंत्रातून येईल, अगदी कानात. मग शंकेला जागाच उरणार नाही.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. खाली तूर शेंगांनी वाकली होती. दुपारचं ऊन होतं, वारा नव्हता. गाडीवर बसताना आईनं माझा हात धरला आणि नको अशी मान हलवली. मी म्हटलं, "एकदाच, आई. फक्त आज." ती बसली.

झाडं सुरू झाली. डिंकाचा वास आला. हेल्मेटमध्ये आईचा श्वास ऐकू येत होता. आधी संथ. मग भराभर. तोंड मिटून नाकानं घेतलेला, भ्यालेल्या माणसाचा श्वास.

"आली तू," आवाज म्हणाला.

यंत्रातून नाही. बाहेरून. डाव्या कानामागून, नेहमीसारखा.

मी गाडी चालवत राहिले. हाताला वळणं माहीत होती.

"हयू घे. अठी गोटे सुटले हायेत."

"आई," मी विचारलं, "तू बोलून राह्यली का?"

हेल्मेटमध्ये आईचा आवाज आला. "अं. अं." नाही म्हणताना ती काढते तसा. आणि त्याच क्षणी, त्याच आवाजात, बाहेरून:

"मी नाई तं कोन?"

पुढचं वळण मी कसं घेतलं ते मला आठवत नाही.

गाडी जड झाली होती. उतार असूनही ती सुटत नव्हती. मी गियर बदलला. इंजिन कण्हल्यासारखं वाजलं.

"बैल दमले असतीन," आवाज म्हणाला. प्रेमानं म्हणाला. "थांबव घडीभर."

मी थांबले नाही.

आई माझ्या पाठीला चिकटली होती. तिचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"आता हिले उतरव."

मी नजर रस्त्यावरच ठेवली.

"अठीच उतरव. झाडाखाली सावली हाये. बसंल थे."

माझी बोटं ब्रेकवर होती. मी ती तिथं नेली नव्हती, असं म्हणणार नाही. आईच्या आवाजानं काही सांगितलं की ऐकायचं, ही हाताला लहानपणापासूनची सवय आहे. गाडी हळू झाली. आणखी हळू. रस्त्याकडेला एक मोठी सालई होती, तिच्या बुंध्याची साल सुटून हलत होती. वारा नसताना.

खांद्यावर थाप बसली. मूठ आवळून, जोरात.

एकदा.

थांब, असं मी समजले. माझा पाय जमिनीकडे गेला.

मग दुसरी.

आणि हेल्मेटच्या आत, अगदी कानाशी, फाटलेला, घोगरा, जमिनीतून ओढून काढल्यासारखा एक शब्द.

"चs... ल."

मी गाडी सोडली.

फरशी पुलावरून आम्ही इतक्या वेगानं गेलो की पाणी दोन्ही बाजूंना उडालं. पलीकडे तुरीच्या शेताशी मी गाडी थांबवली. आईनं स्वतःच हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते.

"चल," ती म्हणाली. तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, काढला, आणि पुन्हा म्हणाली. "चल. चल. चल!" तुरीत शेंगा तोडणाऱ्या बायका वाकून आमच्याकडे पाहायला लागल्या. आई त्यांच्याकडे पाहूनही म्हणाली, "चल!" त्या हसल्या. आम्ही बांधावर बसून रडलो. घरी आम्ही उंद्रीवरून, लांबच्या रस्त्यानं गेलो.

छाया मॅडम त्या आठवड्यात आल्या तेव्हा आईनं त्यांना दारातच "चल" म्हणून आत घेतलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द आला की बाकीचे येतात, असं त्या म्हणाल्या, आणि तसंच झालं. "पाणी" आलं. "मीठ" आलं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी भाकरी वाढताना "शिलू" आलं, अर्धवट, ल वर अडकून. त्या दिवशी मी कार्यालयात जाऊच शकले नाही.

उताराबद्दल मी तिला एकदाच विचारलं. ती तीळ निवडत होती.

"आई, तूही ऐकलं ना थे?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कोण होतं?"

ती खूप वेळ शब्द शोधत राहिली. तीळ बोटांखालून इकडेतिकडे सरकत होते.

"बाई," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "एक... टी."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. गर्दीच्या गाडीत उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीबद्दल बोलावं तसं तिनं ते म्हटलं. मी पुढे विचारलं नाही. ग्रुपला मी सांगितलं, की सालईच्या उतारावर दगड सुटलेत, तो रस्ता आपण घ्यायचा नाही. ते खरंही होतं.

फेब्रुवारीत आम्ही कच्छला गेलो. त्याआधी आठ दिवस मी फक्त मुक्काम, पाणी, पंपांमधलं अंतर आणि आईच्या विश्रांतीच्या जागा ठरवत होते. गाड्या खामगावहून कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकमधून गांधीधामला गेल्या. आम्ही भुसावळहून रेल्वेनं. ऐन वेळी बऱ्याच जणी गळाल्या. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या मुलाची परीक्षा. शेवटी मी, आई आणि रेणुका, एवढ्याच उरलो.

रेणुका खामगावच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. चाळिशीची, स्वभावानं अबोल. एकटी राहते, एकटीच गाडी चालवते. तिची मागची सीट कायम एका मोठ्या निळ्या बॅगेनं भरलेली असते. कुणी मागं बसू का म्हणून विचारूच नये, यासाठीच ती बॅग आहे, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. ग्रुपमध्ये ती नेहमी सगळ्यांच्या मागे राहते.

रणातल्या रस्त्याला आम्ही सकाळी लागलो. सूर्य नुकताच वर आला होता. दोन्ही बाजूंना मीठ, क्षितिजापर्यंत मीठ, आणि त्यावर गुलाबी उजेड. पुढे मी आणि आई, मागे बरंच अंतर ठेवून रेणुका. झाड नाही, डोंगर नाही, सावली नाही. सगळीकडे एवढा मोकळा उजेड की माझ्या मनातला डिंकाचा वाससुद्धा धुऊन निघाल्यासारखा वाटला.

"पांढ... री," आई मागून म्हणाली. यंत्रातून, माझ्या कानात. "शिलू. पांढरी."

"हाव आई. आली ना आपन!"

ती हसली. ते हसू मला आयुष्यभर पुरेल.

पण ती पुढे सरकूनच बसली होती. भुजपासून माझ्या लक्षात आलं होतं. माझी पाठ दुखायला लागली होती. सरळ सपाट रस्ता, ना चढ ना उतार, आणि तरी मी टाकीवर दाबलेली. मी म्हटलं, "आई, मागं सरक की जरा. ऐसपैस बस."

ती सरकली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "थांब."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. शांतता इतकी होती की मीठ तडकल्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, तिला उतरून मिठाला हात लावायचाय. मी आरशात पाहिलं.

आई मागे वळली होती. लांब पाहत नव्हती. आपल्या मागे, हातभर अंतरावर पाहत होती. आणि मग मी तो आवाज ऐकला, खाकी साडीतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, एकदाही न अडखळलेला.

"अठी जागा नाई, बाई. मांगून दुसरी येऊन राह्यली. थे मोकयी हाये, तिच्यात बस."

झटका आल्यापासूनचं तिचं ते पहिलं पूर्ण बोलणं होतं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घाई नव्हती. उभ्या प्रवाशाला जागा मिळावी एवढीच काळजी होती. मग ती सरळ झाली आणि मागे सरकून पूर्ण सीटवर नीट बसली. माझ्या पाठीला वारा लागला. गाडी उभ्या उभ्याच हलकी झाली, दुसरं काय सांगू. मी बटण दाबलं आणि आम्ही निघालो. त्यानंतर सगळा रस्ता आई बोलत होती. अडखळत, चुकत, एकच शब्द चारदा म्हणत, पण बोलत होती. पक्षी. उजेड. पाणी नाई, मीठ. मी प्रत्येक शब्दाला हाव म्हणत होते.

रस्ता संपतो तिथं एका टपरीवर आम्ही चहा सांगितला. रेणुका बऱ्याच उशिरा आली. मी काळजीत पडायला लागले होते. पण ती हसत आली. हेल्मेट काढल्या काढल्या बोलायला लागली, मीठ किती सुंदर, उजेड किती सुंदर, रस्ता कसा सरला कळलंच नाही, पुढच्या वर्षी लडाखला जाऊ, मी येणार, नक्की येणार. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या गालांवर रंग चढला होता. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

तिची निळी बॅग पुढे टाकीवर बांधलेली होती.

"बॅग पुढं काऊन घेतली व?" मी विचारलं. "चालवाले अडचन नाई होत?"

"होते थोडी," रेणुका म्हणाली. क्षणभर तीही बॅगेकडे पाहत राहिली, आपण ती कधी हलवली ते आठवत असल्यासारखी. "असंच. मागं मोकळं असलेलं बरं वाटलं."

आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि समाधानानं मान हलवली.

निघताना रेणुकानं खिशातून रुमाल काढला, आणि मागची रिकामी सीट हळुवारपणे, कडेपर्यंत पुसून घेतली.